अभ्यासक्षेत्र मंगळ, तालुका लागू नाही

आमच्या तुकडीतल्या प्रकल्पांची यादी फलकावर लागली तेव्हा त्यात उजनीचं पाणलोट क्षेत्र, शहराच्या हद्दवाढीतला भूवापर, द्राक्षबागा, पुन्हा एकदा उजनी असे विषय होते आणि मध्येच एका ओळीत मंगळ. ती ओळ माझी, विषय मंगळावरच्या जमिनीची उंची. मी सोलापुरात एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. जिओइन्फॉर्मेटिक्सचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचा, पदव्युत्तर डिप्लोमा शनिवार-रविवारच्या वर्गांना बसून केला आणि मे २०२५ मध्ये त्याची तोंडी परीक्षा झाली. तेव्हापासून ओळखीतल्या शिक्षिका विचारतायत, हे केलं कसं आणि ऑफिसने चालू दिलं कसं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा लांबलचक आहे. दोन्ही इथे लिहून ठेवते. प्रोग्रॅमिंग मला येत नाही, लॅपटॉप घरचाच आणि मुलगा त्या वर्षी दहावीला होता, हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल.

नोकरीत असाल तर सुरुवात संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्रापासून. अर्ज प्राचार्यांमार्फत संस्थेकडे जातो आणि तिथून मासिक सभेपुढे. जून २०२४ मध्ये दिलेला माझा अर्ज जुलैच्या सभेतून 'अध्यापनाच्या वेळेवर परिणाम होणार नाही' असं हमीपत्र जोडा, या शेऱ्यासह परत आला. स्टॅम्पपेपर आणायला धावू नका, आधी विचारा. माझं साध्या कागदावर चाललं. इकडे प्रवेशाची शेवटची तारीख ३१ जुलै. अशा वेळी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवरचा आवक क्रमांक आणि शिक्काच कामाला येतो. ती प्रत दाखवून तात्पुरता प्रवेश मिळाला, प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं. फी दोन हप्त्यांत भरता येते, पण हे माहितीपत्रकात कुठेही छापलेलं नाही.

विषय मंजुरीचा फॉर्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. त्यात 'अभ्यासक्षेत्र' या शीर्षकाखाली चार रकाने: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश. पहिल्या तिन्हीत मी 'लागू नाही' लिहिलं. चौथ्यात उत्तर २३ ते २५ अंश, पूर्व ३०६.५ ते ३०८.५ अंश. खिडकीतल्या भाऊंनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "मॅडम, भूगोल शिकवता ना तुम्ही? रेखांश एकशेऐंशीच्या वर जात नाही." त्यांचं बरोबर होतं, फक्त ग्रह वेगळा होता. मंगळाचे हल्लीचे नकाशे रेखांश पूर्वेकडे ० ते ३६० असे मोजतात. शून्य रेखांश एरी-० नावाच्या एका लहान विवरातून जातो. जुन्या नकाशांत तेच रेखांश पश्चिमेकडे मोजलेले सापडतात. म्हणजे कुठे ५२.४ पश्चिम वाचलंत तर ३६० मधून वजा करून ३०७.६ पूर्व करायचं. मी हे समजावून सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तसं वेगळ्या कागदावर लिहून सरांची सही आणा." आणली.

हाच तुकडा का, तर तिथे 'पूना' नावाचं विवर आहे. आपल्या पुण्याच्या नावाचं, साधारण २० किलोमीटर व्यासाचं. सोलापूर नावाचं शोधून पाहिलं, नाही. पुढेही होईल असं वाटत नाही, कारण मंगळावरच्या लहान विवरांना आता साधारण लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांची नावं देतात. त्या हिशेबात पुणं बसत नाही, पण ते नाव आधीपासून यादीत आहे. पुण्याला आपल्या आधी काही मिळालं नाही असं होतच नाही, त्यामुळे मी फार वाईट वाटून घेतलं नाही.

आता डेटाबद्दल. मार्गदर्शक सरांनी पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू दिला नाही. वहीत एक गोल काढायला लावला, त्याभोवती यानाची कक्षा, आणि विचारलं, "उंची कुठे आहे यात?" हा प्रश्न मला वर्षभर पुरला.

काम असं चालतं. नासाचं मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान नोव्हेंबर १९९६ मध्ये निघालं आणि सप्टेंबर १९९७ मध्ये मंगळापाशी पोचलं. एक सौर पंख नीट बसला नसल्यामुळे वातावरणाशी घासून वेग कमी करण्याचं काम जपून, सावकाश करावं लागलं आणि नियमित नकाशाकाम मार्च १९९९ मध्ये सुरू झालं. त्यावर मोला हे लेसर उंचीमापक होतं. त्याचा आधीचा भाऊ मार्स ऑब्झर्व्हर या यानावर होता. ते १९९३ मध्ये मंगळाजवळ पोचता पोचता गप्प झालं. मोला सेकंदाला दहा वेळा अवरक्त लेसरचा ठोका खाली मारायचा आणि प्रकाश परत यायला लागलेला वेळ मोजायचा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाऊन येऊन २.७ मिलिसेकंद. एक मीटर कमी-जास्त म्हणजे वेळेत ७ नॅनोसेकंदांपेक्षाही कमी फरक. जमिनीवर एका ठोक्याचा ठिपका सुमारे १६८ मीटर रुंद पडायचा आणि पुढचा ठिपका साधारण ३०० मीटरवर. ३० जून २००१ ला लेसरचं ठोके मारणं थांबलं, तोवर साठ कोटींच्या घरात उंच्या गोळा झाल्या होत्या.

पण यात उंची कुठेच मोजलेली नाही. मोजलंय ते यान आणि जमीन यांमधलं अंतर. उंची काढायची तर यान त्या क्षणी ग्रहाच्या मध्यापासून किती लांब होतं हे कळायला हवं. ते पृथ्वीवरच्या अँटेनांनी यानाच्या रेडिओ लहरींतला बदल मोजून काढलेलं आहे, साधारण एका मीटरच्या अचूकतेने. यानाचं मध्यापासूनचं अंतर वजा लेसरचं अंतर, की जमिनीची त्रिज्या मिळाली. ती तीन हजार चारशे किलोमीटरच्या आसपासची असते, वाचून काहीच बोध होत नाही. त्या त्रिज्येतून अजून एक पृष्ठभाग वजा करायचा, तेव्हा कुठे उंची. पृथ्वीवर तो सरासरी समुद्रसपाटीचा. मंगळावर समुद्र नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण आणि ग्रहाचं फिरणं लक्षात घेऊन, पाणी असतं तर जिथे स्थिर राहिलं असतं तो काल्पनिक पृष्ठभाग धरतात. विषुववृत्तावरची त्याची सरासरी त्रिज्या ३३९६ किलोमीटर. मोलाच्या आधी शून्य वेगळंच होतं, हवेचा दाब ६.१ मिलिबार असलेली पातळी. त्यामुळे जुन्या पुस्तकातला ऑलिंपस मॉन्स या मंगळावरच्या ज्वालामुखीच्या उंचीचा आकडा आणि नव्या नकाशावरचा आकडा शेजारी ठेवून कुठला चूक असं विचारू नका. शून्य बदललंय.

डाउनलोड गणपतीत सुरू केलं. सगळा डेटा मोफत आहे, अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या भूविज्ञान संग्रहातून मिळतो, नावनोंदणी लागत नाही. तो दोन रूपांत आहे आणि हे आधी कळलं तर बराच त्रास वाचतो. एक, एकेका ठोक्याची नोंद: रेखांश, अक्षांश, उंची, कक्षा क्रमांक. दोन, चौकटीत बसवलेलं तयार जाळं, एका अंशात ४, १६, ३२, ६४ किंवा १२८ घरं. सुरुवात ४ घरांच्या फाइलने करा. अख्खा मंगळ अवघ्या २ एमबीत येतो आणि जुना लॅपटॉपही कुरकुरत नाही. १६ घरांची फाइल ३३ एमबी. १२८ घरांच्या एकेका तुकड्याला १३० एमबी, असे सोळा तुकडे. विषुववृत्तावर एक घर म्हणजे ४६३ मीटर. ठोक्यांच्या नोंदी हव्या असतील तर संग्रहाच्या शोधपानावर अक्षांश-रेखांशांची चौकट द्यायची, तेवढ्याच भागातल्या ओळी तक्त्याच्या रूपात मिळतात. सगळ्या कक्षा उतरवून घेत बसू नका.

मोठ्या फाइलींसाठी मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू होणारा डाउनलोडर वापरा. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि पाण्याचा दिवस असला की घरात कुणीच लॅपटॉपपाशी नसतं. मी रात्री लावून झोपत होते. जास्तीची ८ जीबी रॅम टाकली, दोन हजार रुपये. एक टीबीची बाहेरची डिस्क साडेचार हजारांची. खरं तर पेनड्राइव्हवर भागलं असतं.

फाइल उघडताना जे अडतं ते सगळ्यांचं एकाच जागी अडतं. प्रत्येक डेटा फाइलीसोबत एक लेबल फाइल असते, साधी मजकुराची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती लेबल फाइल उघडायची, डेटा फाइल नव्हे, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. थेट डेटा फाइल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली तर पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग दिसते. कारण प्रत्येक उंची दोन बाइटांत लिहिलेली आहे आणि मोठा बाइट आधी. आपले संगणक बहुधा उलट क्रमाने वाचतात. लेबलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून लेबल छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा. एका अख्ख्या रविवारी मी तेवढंच केलं आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

दुसरी मेख लंबवर्तुळाची, म्हणजे ग्रहाचा आकार म्हणून धरलेल्या गणिती गोलाची. क्यूजीआयएस न सांगता पृथ्वी गृहीत धरतं. 'पूना'चा व्यास मोजपट्टीने मोजाल तर सदतीस-अडतीस किलोमीटर येईल. पृथ्वीची त्रिज्या ६३७८, मंगळाची ३३९६, म्हणजे १.८८ पट फुगवटा. नव्या आवृत्त्यांत निर्देशक प्रणालीच्या (अक्षांश-रेखांश कुठल्या ग्रहावर, कसे मोजायचे त्याच्या) यादीत आयएयू २०१५ नावाचा गट आहे, त्यातला ४९९०० हा क्रमांक मंगळाचा. तो निवडा, प्रकल्पाच्या सेटिंगमधलं लंबवर्तुळही बदला, मग वीसच्या आसपास येतं. छायांकन, म्हणजे चढ-उतार ऊन-सावलीने दाखवणं, करतानाही तेच: फाइल अंशांत असेल तर पृथ्वीसाठी एका अंशाला १,११,१२० मीटर हा गुणक देतात, मंगळासाठी ५९,२७५ द्यायचा. नाहीतर डोंगर अर्ध्या उंचीचे दिसतात आणि आपण उगाच सूर्याचा कोन बदलत बसतो.

ऑक्टोबरमध्ये ४ घरांच्या फाइलीवरून अख्ख्या ग्रहाचा उंचीनुसार क्षेत्रफळाचा आलेख काढला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: या जाळ्यात ध्रुवाजवळचं घर आणि विषुववृत्तावरचं घर दोन्ही एकच घर म्हणून मोजली जातात, प्रत्यक्षात ध्रुवाकडचं घर चिंचोळं असतं. म्हणून प्रत्येक ओळीला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. एक्सेलमध्ये होतं. आलेखाला दोन उंचवटे येतात, एक खाली, एक वर, आणि मधे खळगा. उत्तरेकडचा अर्धा मंगळ दक्षिणेपेक्षा सुमारे ५ किलोमीटर खोल आहे, त्याची ही खूण. वर्गात मी पृथ्वीचा असाच आलेख शिकवते, एक उंचवटा खंडांचा, एक सागरतळाचा. मंगळाचा आलेख निघाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी मुलाला उठवून दाखवला. तो म्हणाला, "छान आहे आई," आणि झोपला.

नोव्हेंबर कोरडा गेला. विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी, आधी प्रशिक्षण, मग २० तारखेचं मतदान, मग चाचणी परीक्षेचे गठ्ठे. शिक्षक असाल तर वेळापत्रक आखताना निवडणूक, बोर्ड आणि दिवाळी हे तीन महिने आधीच वजा करा. मार्गदर्शकांना तसं लेखी कळवून ठेवा. प्रगती अहवालाची तारीख चुकल्यावर तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

खरं काम डिसेंबरात झालं. 'पूना'च्या चौकटीतल्या ठोक्यांच्या नोंदी नकाशावर टाकल्या. विवर दिसेल म्हणून बघत होते. दिसल्या उभ्या रेघा. यानाची कक्षा जवळजवळ ध्रुवावरून जाणारी, म्हणून ठिपक्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण, किंचित तिरक्या. रांगेत ठिपके दाटीवाटीने आणि दोन रांगांमध्ये कुठे अर्धा किलोमीटर, कुठे दोन-तीन किलोमीटर काहीच नाही. ज्या मंगळाच्या रंगीत नकाशाची भित्तिपत्रकं आपण वर्गात लावतो, तो असा उभ्या धाग्यांवर तोललेला आहे. मधलं सगळं भरलेलं.

माझ्या दिरांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, पुतण्या तिथे डिझाइन बघतो. तो रविवारी आला होता. ठिपके बघून म्हणाला, "काकू, हा तर ग्राफ आहे. आमच्याकडं पण फूल काढताना असंच, घरं कमी असली की पाकळीची कड पायऱ्या-पायऱ्यांची येती. मग आम्ही हातानं भरतो." हातानं भरण्याचं शास्त्रीय नाव म्हणजे अंतर्वेशन, आणि ते कसं केलं हे अहवालात लिहावं लागतं, एवढाच फरक.

तयार जाळ्यासोबत एक जास्तीची फाइल येते, प्रत्येक घरात किती ठोके पडले त्याच्या मोजणीची. ती बहुतेक जण उघडतच नाहीत. १२८ घरांच्या जाळ्याची मोजणी उघडून शून्य असलेली घरं काळी करा. विषुववृत्ताच्या बाजूला बरीच घरं काळी दिसतात. ध्रुवांकडे कक्षा एकवटतात, तिथे कमी. ४६३ मीटर हे नकाशाचं घर आहे, मोजमापाची बारकाई नव्हे. मला या प्रकल्पातून काही सांगायचं असेल तर हेच, आणि मी ते अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं. सरांनी ते शेवटच्या प्रकरणात न्या म्हटलं, मी नेलं नाही.

मग स्वतः जाळं विणून पाहिलं. जीएमटी नावाची मोफत साधनं आहेत. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण दोनच पुरतात. आधी प्रत्येक घरातल्या ठोक्यांचा मध्यक काढायचा, म्हणजे ढगावर आपटून परतलेला एखादा ठोका सगळं बिघडवत नाही. मग ताण दिलेला पृष्ठभाग ठिपक्यांवरून अंथरायचा. ताणाचा आकडा ० ते १ मध्ये. चढ-उतार तीव्र असले की ०.३५ च्या आसपास ठेवा असं मदतपुस्तिकेतच लिहिलंय. शून्य ठेवला तर विवराच्या कडेबाहेर नसलेले खड्डे उमटतात. हे सगळं बरोबर आलं का हे तपासायला एक कक्षा मुद्दाम वगळली, उरलेल्यांवरून जाळं केलं आणि वगळलेल्या ठिपक्यांशी ताडून पाहिलं. सपाट मैदानात फरक काही मीटरांचा, विवराच्या कडेवर शंभराच्या वर. ज्या जागी आपल्याला रस असतो नेमकी तीच जागा सगळ्यात कच्ची.

रांगा कुठे एकमेकींना छेदतात तिथेही थांबा. चढती आणि उतरती कक्षा एकाच जागी दोनदा उंची मोजतात, आणि जमीन तीच असल्यामुळे उत्तर एकच यायला हवं. येत नसेल तेवढी यानाच्या स्थानातली गडबड. मोलाच्या चमूने असे छेद घेऊन कक्षा दुरुस्त केल्या आहेत, आपल्या हाती येतो तो दुरुस्त डेटा. तरी माझ्या चौकटीतले काही छेद मी हाताने तपासले, अक्षरशः कागदावर, कारण ते करताना सगळी गोष्ट एकदाची डोक्यात बसली.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा, घरात पाहुणे, तेव्हा फक्त रंगांचं काम. शून्याला रंग बदलेल अशी पट्टी करू नका. निळा खाली, हिरवा वर असं केलं की बघणारा लगेच समुद्र आणि किनारा शोधतो. मी तपकिरीच्या छटा घेतल्या. नकाशा थोडा उदास दिसतो, पण कुणी "इथे पाणी आहे का?" विचारत नाही.

११ फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा, मग पेपर तपासणी. त्यातच ऑफिसचा फोन: "तुमच्या फाइलला क्षेत्रभेटीचा दाखला नाही. जिओटॅग, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले, किमान सहा फोटो लागतात." मी म्हटलं, मंगळ आहे. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे. सरांचं पत्र, विभागप्रमुखांची सही, 'प्रकल्प पूर्णतः दुय्यम आकडेवारीवर आधारित' हे वाक्य, सगळं दिलं. फाइल तरी हलेना. शेवटी सर म्हणाले, "क्षेत्रभेट करून टाका. उंची कशापासून मोजतात याची." मी सोलापूर स्टेशनवर गेले. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. फलाटाच्या टोकाला स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी असते, तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपली साडेचारशे मीटरच्या आसपास. पाटीखाली उभं राहून मोबाइलवर कच्ची जीपीएस उंची दाखवणारं अ‍ॅप लावलं, तर आकडा सत्तरएक मीटरने कमी. जीपीएस गणिती लंबवर्तुळापासून मोजतो, पाटी समुद्रसपाटीपासून, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबवर्तुळाच्या बरीच खाली आहे. एकाच फलाटावर दोन उंच्या, दोन्ही बरोबर. त्याचे सहा फोटो, जिओटॅगसह, दाखल्याला जोडले. तिकीटही चिकटवलं. फाइल हलली, आणि अहवालातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तेच आहे.

एप्रिलमध्ये साधर्म्य तपासणी. यादी, शीर्षकं, लेबलमधली वाक्यं असं सगळं 'नक्कल' म्हणून रंगवून येतं; तक्ते परिशिष्टात टाकून ते वगळून तपासा असा अर्ज करता येतो. मग छपाई. नवी पेठेतल्या दुकानात ए-झिरो आकाराचा नकाशा फोटो कागदावर सहाशे रुपयांना, फ्लेक्सवर त्याच्या निम्म्यात, पण फ्लेक्सवर छायांकनाच्या बारीक छटा मरतात. कडक बांधणीच्या चार प्रती, प्रत्येकी अडीचशे. मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांचं आधी वाचून घ्या. त्या दुकानात मंगळाचं 'मंगळवेढा' करायला कुणाचाच हात अडखळला नसता. तेही आपल्याच जिल्ह्यातलं.

तोंडी परीक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, बाहेर त्रेचाळीस अंश. बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मंगळावरच्या हेलास खोऱ्याचा तळ उणे ८२०० मीटर लिहिलाय, तर उणे कशाच्या खाली? मी स्टेशनच्या पाटीचं पान काढलं. मग विचारलं, भारताचं काय? चांद्रयान-१ वर २००८ मध्ये चंद्रासाठी लेसर उंचीमापक होतं, मंगळयानावर नव्हतं, हे सांगितलं. तिसरा प्रश्न मला अपेक्षित होता: युरोपच्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या कॅमेऱ्याचा डेटा मोलात मिसळून केलेला २०० मीटरचा तयार नकाशा मिळतो, तो का घेतला नाही? म्हटलं, तो जास्त सुंदर आहे, पण त्यात रेघा दिसत नाहीत. त्यांनी मोजणीच्या फाइलीचा काळा नकाशा पुन्हा उघडायला सांगितला आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो, चहा येऊन गार होईपर्यंत.

निकाल जूनमध्ये लागला, पास आहे. गुणपत्रिका ऑफिसमध्ये मिळते, मूळ प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि वेगळं चलन. येताना फीची शेवटची पावती, आधार कार्डाची प्रत आणि वाचनालयाचा ना-देय दाखला बरोबर आणा. वाचनालय शनिवारी दुपारी दोनला बंद होतं.